उकळत्या पान्याचं हॉटेल

ताई, तू चपला दाराबाहेर काढून ठेवल्यास, तिथूनच सुरू करते.

काचेचं दार, आत एसी, गुळगुळीत फरशी. आणि तू पायरीवर चपला जोडीनं लावून, पदर सारखा करून, अनवाणी आत शिरलीस. मी मागून हळूच म्हणाले, "ताई, चप्पल घाल. हॉटेल आहे हे." तू वळलीस आणि एवढ्या मोठ्यानं बोललीस की चार टेबलांवरच्या माना वर झाल्या, "अवं, टेबलाटेबलावर चुली पेटल्या हायेत इथं! सैपाकघरात चपला घालून जाते काय कोनी?"

तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. भेटायला येणारी माणसं तुझ्या कष्टांबद्दल बोलतात. भाऊजी गेल्यावर तू एकटीनं मळा कसा सांभाळलास, गजूला कसं मोठं केलंस, सगळं सांगतात. मी मान हलवते. डोळ्यांसमोर मात्र तू त्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी उभी असतेस, आणि मला हसू येतं. दुखवट्याला आलेल्या माणसासमोर हसू आलं की फार पंचाईत होते गं. मी पदर तोंडाला लावते. त्यांना वाटतं, रडतेय. ती आणखी जवळ येऊन पाठीवरून हात फिरवतात आणि मला आणखी हसू येतं.

तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "हास ना मंग! मी मेली मून काय दात बंद ठेवाचे काय?"

त्या दिवशी तू मला तिथं फसवून नेलं होतंस. आता कबूल करायला तू नाहीस, म्हणून मीच सगळं पहिल्यापासून सांगते.

रेवा माझी एकुलती एक. तिचे बाबा गेले तेव्हा ती चौथीत होती. अकोल्याच्या शाळेत शिकवत मी तिला वाढवलं. सुट्ट्या लागल्या की ती अमरावतीजवळ वलगावला तुझ्याकडे असायची, मेथीच्या जुड्या बांधत. इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला लागली आणि तिथून एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, मी लग्न करतेय. बॉबी नाव आहे त्याचं. कलकत्त्याचा आहे. हॉटेलात शेफ आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "त्याचे पणजोबा चीनमधून आलेले. पण आता तीन पिढ्या इथल्याच."

त्यांनी पुण्याला नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मी गेले नाही. ताप आला म्हणून कळवलं. ताप नव्हता.

वर्षभरानं त्या दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि अमरावतीला कॅम्प भागात हॉटेल काढलं. हॉटपॉट म्हणतात त्या प्रकाराला. टेबलातच शेगडी बसवलेली, तिच्यावर रस्सा उकळत असतो, समोर कच्च्या भाज्या, शेवया आणि बाकीचं काय काय मांडलेलं, आणि ज्यानं त्यानं आपलं आपण शिजवून खायचं. अमरावतीत हे कोण खाणार, असं मला वाटायचं. माझ्या गावी, अकोल्याला, न काढता त्यांनी अमरावती का निवडली, हे मात्र मला बरोबर कळलं होतं. मी कुणाला काही विचारलं नाही.

मग एका सकाळी मी तुला फोन केला आणि तू घाईत म्हणालीस, "ठेव वं, माल द्याले चालली." मी म्हटलं, "बाजार तर कधीच उठला असेल." तू अडखळलीस. तुला खोटं बोलता यायचं, पण अचानक बोलता यायचं नाही. चार महिन्यांपासून रेवाच्या हॉटेलात तुझ्या मळ्यातला पालक, कोबी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि कांद्याची पात जात होती. हॉटेलसाठी जागा शोधायलासुद्धा गजू त्यांच्याबरोबर फिरला होता. मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी तुला नाही नाही ते बोलले. तू माझ्या लेकीला फूस लावलीस, म्हणाले. माझा विरोध त्या मुलाला नाही, त्याच्या बेभरवशाच्या धंद्याला आहे, म्हणाले. तू सगळं ऐकून घेतलंस. मग एकच वाक्य बोललीस, आणि तेही आवाज न चढवता.

"शोभे, तू खोटं बोलून राहिली. तुले त्या पोट्ट्याच्या डोयाची लाज वाटते."

मी फोन ठेवला. अडीच महिने उचलला नाही.

थंडी पडली आणि एका रविवारी सकाळी तू अकोल्याला माझ्या दारात हजर. एसटीनं आली होतीस, हातात मेथी आणि वांग्यांची पिशवी. आत आलीस, पाणी प्यालीस आणि पिशवी माझ्या हातात देत म्हणालीस, "चाल. गुडघा दाखवाचा हाय अमरावतीले. डाक्तर इंग्रजीत बोलते मने. मले समजत नाही."

"गजू कुठंय?"

"गजूले इंग्रजी येते काय? तू मास्तरीन हाय ना?"

अडीच महिन्यांचा अबोला, त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. जणू कालच बोललो होतो. मला राग धरायला जागाच ठेवली नाहीस. पॅसेंजरमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग तू पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्यास आणि माझ्या ओंजळीत ओतल्यास. बडनेऱ्याला उतरेपर्यंत मी तुझ्या सुनेच्या माहेरच्या भानगडी ऐकून हसत होते. जिन्यावरून तू माझ्या आधी उतरलीस. गुडघा इतका दुखतो तर ही अशी कशी उतरते, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

ऑटो थांबला तो त्या काचेच्या दारासमोर.

"ताई, इथं दवाखाना आहे?"

"हो," तू उतरता उतरता म्हणालीस. "तुह्या डोक्याचा."

आणि चपला काढायला वाकलीस.

मी परत फिरू शकले असते. ऑटोवाला अजून तिथंच होता. पण तू आत अनवाणी चालत गेली होतीस, आणि तुझ्या त्या टाचा, बाराही महिने वाफ्यात उभ्या राहून फुटलेल्या, त्या पांढऱ्या फरशीवर मला दिसत होत्या. मी तुझ्या मागं गेले.

रेवा आतल्या बाजूला उभी होती, ॲप्रन बांधलेली, केस वर घट्ट गुंडाळलेले. तिनं मला बघितलं. तिच्या हातातला वाट्यांचा ढीग तसाच राहिला. तेवढ्यात बॉबी बाहेर आला. मी त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. उंच, सडसडीत, चेहऱ्यावर घाम. त्यानं हात पुसले, आधी तुझ्या पाया पडला, मग माझ्या. मी "असू दे, असू दे" म्हणाले आणि दोन पावलं मागं सरले. ते तू पाहिलंस.

आम्हाला खिडकीजवळचं टेबल मिळालं. माणशी एक अशा लहान लहान शेगड्या, प्रत्येकीवर चिमुकलं पातेलं. तू त्या पातेल्यांकडे बघितलंस, मग बॉबीकडे.

"म्हंजे हॉटेलात येऊन आपूनच शिजवाचं?"

"हाँ मौसी."

"मंग तू काय करतं बाबू?"

बॉबी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मौसी, हम बर्तन माँजते हैं."

तू अशी हसलीस की तुझा चष्मा खाली आला. मला हसायचं नव्हतं, म्हणून मी मेनूकार्डात तोंड घातलं.

पण लहान पातेल्यांवरचा तुझा राग जाईना. "हे काय बाप्पा, हरेकाची चूल येगयी! घर वाटून घेतलं काय? एकच मोठं भांडं नाही काय?" रेवा म्हणाली, "मावशी, इथं असंच असतं. व्हेज-नॉनव्हेज वेगळं ठेवावं लागतं." तू म्हणालीस, "मी माळकरी हाय, तुही माय अंडंबी खात नाही. आज तुमी दोघंबी आमच्यासंग घासफूस खा. एक दिवस खाल्लं तं मरसान नाही."

बॉबीनं रेवाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फळीवर शोभेला ठेवलेलं एक पितळी भांडं खाली काढलं. मधोमध धुराडं, भोवती खंदकासारखी गोल जागा. तू खुर्चीतून उठलीसच.

"अवं शोभे, हा तं बंब हाय!"

खरंच बंबच होता तो, ठेंगणा. आपल्या माहेरी, अकोटजवळच्या त्या घरी, मागच्या अंगणात असायचा तसा. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी. दिवाळीच्या पहाटे तू मला त्याच्यातल्या कढत पाण्यानं न्हाऊ घालायचीस आणि मी ओरडायचे. बॉबीनं सांगितलं, ते भांडं त्याच्या आजीचं. नव्या वर्षाला कलकत्त्याच्या घरी सगळी भावंडं, काका, आत्या त्याच्याभोवती बसायचे. आजी गेल्यावर घरातल्या कुणाला ते नको होतं, म्हणून हा घेऊन आला.

"मंग फयीवर काहून ठेवलं?" तू विचारलंस. "भांडं का देव हाय?"

हॉटेलच्या मागं अंगणात त्यानं कोळसे पेटवले. पंधरा मिनिटांनी ते भांडं आमच्या टेबलावर आलं. धुराड्यातून ऊब येत होती आणि भोवतीच्या पाण्यात आलं, लसूण आणि कसली कसली मुळं उकळत होती. तुझ्या हुकुमावरून रेवा आणि बॉबी आमच्या समोर बसले. आता चौघांत एक भांडं होतं.

भाज्यांची ताटं आली. पालकाची पानं फुलासारखी गोल मांडलेली. तू एक पान उचललंस, देठाकडचा गुलाबी भाग पाहिलास, आणि शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरींना ते दाखवत म्हणालीस, "हा पालक माहा हाय. वलगावचा. दाबून खा." त्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या एकीनं तुझा फोटो काढला. तो आता माझ्या फोनमध्ये आहे. हातात पान उंच धरलेलं, तोंड उघडं, चष्म्यावर वाफ.

आळंबीला तू 'टेकोडे' म्हणालीस आणि पावसाळ्यात बांधावर सापडायच्या त्या टेकोड्यांची गोष्ट बॉबीला वऱ्हाडीत सांगितलीस. त्याला निम्मी कळली असेल. सोयाबीनचं पनीर चाखून म्हणालीस, "याले चव नाही, पन हे कोनाशी भांडतबी नाही." काड्यांनी खायला तू साफ नकार दिलास. झारा मागवलास आणि कढईतून भजी काढावीत तसं सगळ्यांना वाढायला लागलीस. हॉटेल त्यांचं होतं, पण वाढत तू होतीस.

मला त्या दिवशी एक गोष्ट कळली, ताई. त्या जेवणात घाई करता येत नाही. ताट समोर आलं, चार घास गिळले, हात धुतले आणि उठलो, असं होत नाही. भाजी टाकायची, मग थांबायचं. थांबताना कुठं बघणार? समोरच्याकडेच बघावं लागतं. कुणीतरी बोलतंच. रेवा म्हणाली, "आई, तुझी शाळा कशी चाललीय?" दोन वर्षांत तिनं मला विचारलेला तो पहिला साधा प्रश्न. मी म्हणाले, "बरी चाललीय." मग कोबी शिजला.

नंतर तो चटणीचा प्रकार. तिथं एका बाजूला वाट्यांमध्ये मांडून ठेवलेलं असतं सगळं. काळं सोया, तिळाचा कूट, शेंगदाण्याचा कूट, व्हिनेगर, मिरचीचं तेल, साखर, लसूण, सांबार. आपापली चटणी आपण कालवायची. तू म्हणालीस, "हे काम माहं." आणि दिसेल ते सगळं चमचा चमचा वाटीत घातलंस. काळसर, चिकट, वर तेल तरंगणारं काहीतरी तयार झालं. ते तू बॉबीपुढं ठेवलंस. "खाऊन सांग."

त्यानं आळंबी बुडवून खाल्ली. "अच्छा है, मौसी." मग कोबी बुडवला. मग शेवया. तू बघत होतीस म्हणून तो खात राहिला. वाटी चाटून पुसून संपत आली, तेव्हा तुला वाटलं, आपणही चाखावी. तू बोट लावून जिभेवर ठेवलंस आणि तुझा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"अरे बाप्पा! हे तं ढोराले टाकाच्या लायकीचं नाही! सांगतलं काहून नाही रे?"

बॉबी खाली बघत म्हणाला, "मौसी, आपने बनाया था."

तू माझ्याकडे वळलीस आणि त्याला कळणार नाही अशा बेतानं, भरभर वऱ्हाडीत म्हणालीस, "पोट्टा खोटं बोलते शोभे. पन कोनासाठी बोलते थे पाह्य. दुसऱ्याले वाईट वाटू नये मून जो मानूस अशी चटनी पोटात घालते, त्याच्या घरात तुही पोरगी उपाशी नाही मरनार."

रेवानं झाऱ्यातलं गाजर आणि पालक माझ्या वाटीत घातलं, आणि फुंकर मारली. लहानपणी मी तिच्या वाटीवर मारायचे तशी, लक्ष नसताना मारतात तशी. मला रडू फुटलं. हॉटेलात, रविवारी दुपारी, कॉलेजच्या पोरींसमोर.

तू लगेच मोठ्यानं म्हणालीस, "लय तिखट हाय ना वं? पानी दे रे हिले."

आमच्या भांड्यात तिखटाचा कणही नव्हता, ताई. पांढरा रस्सा होता तो. बॉबीनं निमूटपणे पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "हाँ, मिर्ची ज़्यादा हो गई." मीही त्याच्याकडे बघून मान हलवली. आमच्या दोघांचं पहिलं खोटं आम्ही असं मिळून बोललो.

त्यानंतर दर महिन्याचा पहिला रविवार ठरून गेला. मी अकोल्याहून गाडीनं, तू वलगावहून ऑटोनं. चपला बाहेर काढायचं तू सोडलं नाहीस. उलट पायरीजवळ रेवानं एक लाकडी मांडणी आणून ठेवली, आणि तुझं बघून काही आजीबायका तिथं चपला काढू लागल्या. गावात कुणी विचारलं तर तू सांगायचीस, "उकळत्या पान्याच्या हॉटेलात चालली." त्याचं खरं नाव तू कधी घेतलं नाहीस.

तुझं आणि बॉबीचं पालकावरून चालणारं भांडण तर संपलंच नाही. तू म्हणायचीस पालक आधी, म्हणजे रस्सा मुरतो. तो म्हणायचा पालक शेवटी, नाहीतर लगदा होतो. तू एकदा हिवाळ्यात अंबाडीची जुडी घेऊन आलीस आणि त्याच्या स्वयंपाकघरात घुसून ती रश्श्यात घातलीस. बॉबी कपाळाला हात लावून उभा. मग त्यानं चव घेतली. पुन्हा घेतली. पुढच्या महिन्यात पाटीवर अंबाडीचा आंबट रस्सा लिहिलेला होता, आणि तू त्या पाटीसमोर उभी राहून मला तीन वेळा वाचायला लावलंस.

त्याच्या सांगण्यावरून तू चिनी पालकाचे दोन वाफे लावलेस. पहिला सगळा अळ्यांनी खाल्ला. मला वाटलं, तू चिडशील. फोनवर तू हसत होतीस, "किड्याईले चिनी भाजी आवडली शोभे! मंग मानसाले आवडनच!" दुसरा वाफा चांगला आला. तो बघायला बॉबी वलगावला आला, तर तू त्याला तिथंच बसवून जुड्या बांधायला लावलंस. त्याच्या जुड्या ढिल्या असायच्या. "याच्या जुडीतून पानं पयून जातात," म्हणायचीस. पण त्या जुड्या तू सोडून पुन्हा बांधल्या नाहीस. मी पाहिलं आहे.

गुडघा तुझा खरंच दुखत होता, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशीचं खोटं पूर्ण खोटं नव्हतं. डॉक्टरकडे मात्र आपण कधीच गेलो नाही. मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या रविवारी आधी डॉक्टर, मग जेवण. तू म्हणायचीस, "आधी जेवन." याची खंत मला आहे. त्यानं काही बदललं नसतं, तू हृदयानं गेलीस, गुडघ्यानं नाही, हे मला कळतं. तरी आहे.

गजूचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. सकाळी मळ्यात गेलीस, पाटाच्या पाण्यात पाय धुतलेस, आंब्याखाली टेकलीस आणि उठली नाहीस. एवढंच. तुझ्यासारखंच होतं ते, कुणाला तिष्ठत न ठेवणारं.

आता ते एक राहिलेलं बोलते. फोनवर तू जे बोललीस ना, त्या पोराच्या डोळ्यांची मला लाज वाटते, ते खरं होतं. धंदा बेभरवशाचा वगैरे सगळं मी मागून शोधून काढलेलं. रेवानं फोटो पाठवला होता तेव्हा पहिला विचार माझ्या मनात आला तो हा, की स्टाफरूममध्ये हा फोटो मी कुणाला दाखवणार? भारत माझा देश आहे, सारे भारतीय माझे बांधव आहेत, हे रोज सकाळी चारशे पोरांकडून म्हणून घेणारी बाई मी. तू सातवीत शाळा सोडलीस म्हणून मी शिकू शकले, आणि शिकून मला हे आलं. तुला मात्र त्या चेहऱ्यात एक भुकेला, घामेजलेला, कष्टाळू पोट्टा दिसला, आणि तू त्याला पालक दिलास.

दोन वर्षं आपण दर महिन्याला समोरासमोर बसलो. भाजी शिजेपर्यंत कितीदा तरी गप्प राहिलो. त्या वेळात मी हे म्हणू शकले असते. तू कधी वाटही पाहिली नाहीस. तुला बहुतेक माझं म्हणणं ऐकायचंच नव्हतं. तुला मला तिथं जेवायला बसवायचं होतं, आणि ते तू केलंस. तरी मला म्हणायचं होतं. ताई, तुझं बरोबर होतं.

तुझ्या तेरवीचं सांगते आता.

गजूच्या अंगणात मांडव होता. रेवा आणि बॉबी हॉटेल बंद ठेवून दोन दिवस आधीच वलगावला आले होते. बॉबीनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि आचाऱ्याच्या हाताखाली राबत होता. पंगती बसल्या तेव्हा त्यानं वरणाची बादली उचलली. मी पोळ्यांची टोपली घेऊन मागं होते.

दुसऱ्या पंगतीत तुझे चुलत सासरे बसले होते, वरूडचे. संत्र्याच्या बागावाले, पांढरं धोतर, कोणालाही फाडकन बोलणारे. तूसुद्धा त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सावरायचीस. ते मघापासून बॉबीकडे बघत होते. मी त्यांच्या पानाशी पोचले तसं त्यांनी हात आडवा केला.

"काय वं शोभाबाई, हा पोट्टा कोन व्हय? नेपायचा हाय काय?"

आजूबाजूची सात-आठ माणसं जेवायची थांबली. कुणी विचारलंच तर काय सांगायचं, हे मी वाढायला येण्याआधीच ठरवून ठेवलं होतं. रेवाच्या हॉटेलातले आहेत. पुण्याचे पाहुणे आहेत. दोन्ही उत्तरं अगदी तोंडापर्यंत आली.

मी टोपली खाली ठेवली.

"माहा जावाई हाय, मामाजी. रेवाचा नवरा. कलकत्त्याचा हाय. बॉबी नाव हाय त्याचं."

तीस वर्षं वर्गात शुद्ध बोलून बोलून माझी वऱ्हाडी तुटत आली होती. तू नेहमी टोमणा मारायचीस. त्या क्षणी आपोआप तीच आली.

म्हाताऱ्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग बॉबीकडे, दुमडलेल्या पँटपासून कपाळावरच्या घामापर्यंत. मग स्वतःच्या पानाकडे.

"जावाई हाय काय?" ते म्हणाले. "मंग त्याले सांग ना वं, इकडच्या पंगतीत वरन आलंच नाही अजून. भात कोरडा खाऊन राहिलो आमी."

मी वळले आणि जोरात हाक मारली, "बॉबी! इकडे वरण!"

तो मांडवाच्या त्या टोकाला होता. बादली सावरत, माणसांच्या पाठीमागून वाट काढत, तिथूनच ओरडला, "येऊन राहिलो, माय!"

आख्खी पंगत हसली, ताई. मामाजीही. आणि मी तर इतकी हसले की टोपली उचलायला मला रेवाचा हात धरावा लागला.